शेणखत आणि शेजाऱ्याची विहीर
(पाठ: लूक १३:६–९)

दृष्टांतांतील माळी अंजिराच्या झाडासाठीं धन्याजवळ आणखी एका वर्षाची मुदत मागतो. तो झाडाभोवतीं खणणार व तेथें खत घालणार असतो. खत मुळांपाशीं जावयाचें असतें, ही गोष्ट आपण शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. कारण मुळांपाशीं जें अन्न होतें, तेंच विहिरींत गेलें तर विष होतें.

आपल्या पुष्कळ गांवांत उकिरडा गोठ्यालगत उघडाच असतो, आणि विहीर तेथून फार दूर नसते. जनावरांच्या मलमूत्रांतील नत्राचा सुमारें निम्मा भाग व पालाशाचा बहुतेक भाग मूत्रांत असतो. स्फुरद मुख्यत्वें शेणांत असतें. उघड्या ढिगांतील नत्राचा कांहीं अंश अमोनिया वायु होऊन उडून जातो. पावसाळ्यांत खताचा रस ओढ्यास मिळतो. त्यामुळें तळ्यांत शेवाळ माजतें, आणि तें कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु सरून मासे मरतात. जें नत्र जमिनींत मुरतें तें नायट्रेटाचें रूप घेऊन खडकाच्या भेगांतून विहिरींत उतरतें.

येथें मातांस सावध करणें आम्हांस अवश्य वाटतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें. अधिक नायट्रेटाच्या पाण्यांत वरचें दूध कालवून तान्ह्या बाळास पाजलें, तर त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते. ओठ व नखें निळसर पडतात, आणि प्रसंगीं प्राणही जातो. नायट्रेटास रंग नाहीं, वास नाहीं. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, पण नायट्रेट जात नाहीं. पाणी आटेल तसें त्याचें प्रमाण उलट वाढतें. म्हणून विहिरीचें पाणी तपासून घ्यावें.

मग उपाय काय? इंदूर येथें बसविलेली कंपोस्टाची रीत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व सोपें आहे. गोठ्यांत पालापाचोळा व वैरणीची चघळ अंथरावी, म्हणजे मूत्र तींत मुरतें. हें अंथरूण, शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती व थोडी राख यांचे थर रचावे, पाणी शिंपडून ओल राखावी, आणि तीन वेळां खालवर करावें. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांचतें, म्हणून तेव्हां जमिनीवरच ढीग रचून तो झांकावा. जागा विहीर व ओढा यांपासून दूर असावी, आणि भोंवतीं मातीचा बांध घालावा. शेतांत नेलेलें खत उन्हांत ढीग करून न ठेवतां लागलीच कुळवाच्या पाळीनें मातींत मिसळावें, आणि पिकास लागेल तेवढेंच घालावें.

कोणी म्हणेल, "उकिरडा माझ्या परड्यांत आहे, त्यांत दुसऱ्याचें काय गेलें?" पण बंधूंनो, जमिनीखालच्या पाण्यास कुंपण नसतें. शेजाऱ्यावर प्रीति करावयाची ती उपासनामंदिरांत तशीच गोठ्याच्या मागेंही करावयाची आहे. या आठवड्यांत प्रत्येक कुटुंबानें आपल्या उकिरड्यापासून जवळच्या विहिरीपर्यंत पावलें मोजून पाहावीं, आणि तीं थोडीं भरलीं तर पावसाच्या आधींच उकिरडा हालवावा.