आधी कागद, मग पसंतीक्रम

अगं, दहावीच्या ५४ टक्क्यांनी आयटीआयचं कुठलंही दार बंद होत नाही. गुणपत्रिका हातात घे आणि गणित, विज्ञान पास आहेस ना, ते आधी बघ. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट या ट्रेडना दहावी पास लागते, तीही या दोन विषयांसह. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. तुझ्या मैत्रिणीचं गणित राहिलंय ना, तिलाही सांग. वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम यांना दहावी नापास मुलं-मुली अर्ज करू शकतात. तिला घरी बसू देऊ नकोस.

आता माझं खरं म्हणणं ऐक. मार्कांपेक्षा जास्त मुली कागदांपायी अडकतात, असं मला वाटतं. टीसी, गुणपत्रिका, आधार घरात असतात. खोळंबा होतो तो जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि डोमिसाइलपाशी. दादाचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, तुझ्या स्वतःच्या नावाचा हवा. नॉन क्रिमीलेअर असेल तर त्याची मुदत वाचून बघ, संपली असली तर तो कागद घरात असून नसल्यासारखाच. निकाल लागला की दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून उद्याच जा. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव जसं छापलंय, तसंच सगळीकडे आहे का, एकेक अक्षर ताडून बघ.

अर्ज ऑनलाइन असतो, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर. नेट कॅफेवाला भरून देईल, पण मोबाइल नंबर तुझा किंवा आईचाच टाक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेव. फी भरली म्हणजे झालं, असं समजू नकोस. जवळच्या सरकारी आयटीआयत मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो. तो निश्चित झाला नाही, तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही.

मग पसंतीक्रम. इथे घाई करू नकोस गं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली, तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून मनापासून हवं तेच पहिल्या नंबरला लिही. "मुलगी आहे, कॉम्प्युटरचा कोपा टाका", असं काका म्हणतील. कोपा वाईट नाही, एका वर्षात होतो. पण तुला लहानपणापासून मिक्सर उघडून बघायची खोड आहे, तर इलेक्ट्रिशियन पहिला लिही. दोन वर्षांचा ट्रेड आहे. सरकारी आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्या आपल्याच आहेत. आपलं शहर तर कारखान्यांचंच. बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला, त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे कितीतरी उभे राहिले. चिकलठाणा, शेंद्रा आहेतच, आता बिडकीनही. इथे पॅनेल समजणाऱ्या, मशीनवर हात बसलेल्या मुलीला बाहेरगावी जायची गरज पडू नये.

मार्क कमी आहेत, म्हणून शहरातल्या रेल्वे स्टेशन रोडच्या आयटीआयबरोबर तालुक्याच्या आयटीआयचीही नावं यादीत टाक. एकाच संस्थेवर भिस्त ठेवू नकोस. आणि चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूमबद्दलही विचारून ये. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीनंतर करता येतो, पण त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, अर्जही वेगळा. आयटीआयच्या अर्जात तो येत नाही, म्हणून तारखा स्वतः जाऊन बघायच्या.

"पुढे काय", असं बाबा विचारतील, ते बरोबरच आहे. त्यांना सांग की दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि शिकाऊ उमेदवारी केली तर दरमहा विद्यावेतन मिळतं. रोज एकटीने बसने जाण्यावरून ते अडले, तर त्यांच्याशी भांडत बसू नकोस. फोन माझ्याकडे दे, मी बोलते त्यांच्याशी. तू तेवढं उद्या सकाळी सेतू उघडायच्या आधी रांगेत उभी राहा.