करार 11 महिन्यांचाच का?

प्रश्न : धाराशिवला नोकरी लागली आहे. गाडी नाही, घ्यायचीही नाही. म्हणून बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या पाहिल्या. मालक म्हणतात, करार 11 महिन्यांचाच, बॉण्डवर, नोटरी करून. 11 महिनेच का?
– एक वाचक, कळंब

उत्तर : याचं मूळ 1908च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून एक महिना कमी करून नोंदणी टाळायची वहिवाट पडली. महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बंद झाली. मराठवाड्यात पूर्वी 1954चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो भाड्याचा असो की 'लिव्ह अँड लायसन्स'चा. मुदतीची सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. मालकांना एवढं समजावून सांगा, बहुतेक जण तयार होतात. नुसत्या नोटरीवर मुळीच थांबू नका. 'लिव्ह अँड लायसन्स'ची नोंदणी आता आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन होते. त्याचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. परत मिळणाऱ्या अनामतीवरचं व्याज तेवढं त्यात धरतात.

पायी जायचं म्हणता, हे मला फार आवडलं. मग घर पक्कं करण्याआधी ऑफिसच्या वेळेला तो रस्ता एकदा चालून बघा, आणि रात्री दिवाबत्ती कशी असते तेही. पण धाराशिवात घर चालण्याच्या अंतरावरून जोखायच्या आधी पाण्यावरून जोखावं. शहराला पाणी येतं ते थेट उजनी धरणातून. नळ किती दिवसांआड येतो, हौद केवढा आहे, बोअर उन्हाळ्यात टिकतं का, हे मालकापेक्षा शेजारच्या बाईंना विचारा. टँकर मागवावा लागला तर पैसे कुणी द्यायचे, मोटारीचं बिल कुणाच्या मीटरवर, अनामत किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. भाड्याची पावती दर महिन्याला मागा, ती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. आणि नोंदवलेल्या कराराची प्रत स्वतःजवळ ठेवा. गॅसजोडणी घेताना पत्त्याचा पुरावा म्हणून ती कामी येते.