पहिली सहाव्या वर्षी : मधल्या वर्षांचे नियोजन

जून महिना जवळ आला की बालरोगतज्ज्ञापुढे एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टरसाहेब, याला यंदा घालावे, की एक वर्ष थांबावे?’ बोथसारख्या सीमेवरील गावात हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा विचार करतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ ही पाच वर्षे एकच पायाभूत स्तर मानली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असावीत असे राज्यांना कळविले. परंतु मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सादर झालेल्या माहितीनुसार पाच वर्षे पूर्ण झाल्यावर पहिलीत घेणाऱ्या राज्यांत तेलंगणाही होते. किनवट १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. सोयरीकसंबंध आजही तुटलेले नाहीत. मग उन्हाळ्याच्या सुटीत इकडचा पाच वर्षांचा आणि तिकडचा सहा वर्षांचा अशी दोन मावसभावंडे एकत्र येतात, आणि कोणाला किती पाढे येतात याची परीक्षा सुरू होते!

(आपल्या मागच्या पिढीत निम्म्या मंडळींचा जन्म १ जूनचा कसा, हे वाचकांस ठाऊक आहेच. गुरुजींनी दाखल्यावर घातलेली ती तारीख तेव्हा खपून गेली. आज जन्मतारीख मागेपुढे करण्याचा मोह पालकांनी कटाक्षाने टाळावा.)

थांबण्याच्या बाजूने शरीरशास्त्र बरेच काही सांगते. मनगटात आठ लहान हाडे असतात; जन्मतः ती केवळ कूर्चा असतात आणि वर्षागणिक एकेक टणक होत जाते. साधारणतः तिसऱ्या वर्षी मूल वर्तुळ काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचारच्या सुमारास चौकोन, पाचव्या वर्षी त्रिकोण. पतंगाचा तिरका आकार बहुतेकांना सहानंतरच जमतो. ज्या मुलाला त्रिकोण येत नाही त्याच्याकडून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ गिरवून घेणे म्हणजे दात येण्यापूर्वी ऊस चावायला देणे होय. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात असे दिसले, की वर्गात सर्वांत लहान असलेल्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत अतिचंचलतेचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी अधिक होते. वयाला साजेसे पोरपण आजार म्हणून नोंदले जाऊ शकते, हे आपण डॉक्टरांनीही ध्यानात ठेवले पाहिजे.

मात्र येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावयाची आहे. थांबणे हा उपचार नव्हे. ‘अजून नीट बोलत नाही, म्हणून एक वर्ष घरीच राहू द्या, याचे वडीलही उशिराच बोलले’ हे वाक्य आपल्या समाजात फार ऐकू येते. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडून बोलावे. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसालाही बरेचसे कळावे. तसे नसेल तर प्रथम कानाची तपासणी करावी. घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि शाळेत इंग्रजी अशा गोंधळामुळे बोलणे लांबले, हा समजही निराधार आहे. आपल्या भागात गोंडी किंवा लमाणी घरात बोलणारी मुले बाजारात सहजपणे दुसरी-तिसरी भाषा बोलतात. बहुभाषिक घर बहिरेपण आणत नाही. पण बहिरेपण ओळखण्यास उशीर लावणारी सबब मात्र पुरविते. मेंदूची भाषा ग्रहण करण्याची क्षमता पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते, आणि गेलेले वर्ष परत मिळत नाही. नजरेला नजर न देणे, हाकेला ओ न देणे, इतर मुलांत न मिसळणे यांनाही हेच लागू आहे.

सर्व ठीक असेल, तर मधली वर्षे कशी घालवावी? याचे उत्तर मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागडी माँटेसरी साधने परवडेनात, तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले ही साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर गेला. तेव्हा अंगणवाडीत पाठविणे कमीपणाचे मानू नये.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी धावणे, माती, पाणी, गाणी आणि गोष्टी एवढे पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात दिवसभरात तीन तास हालचाल, १० ते १३ तास झोप आणि पडद्यासमोर फार तर एक तास असावा. चार ते पाच या वर्षी हातांना काम द्यावे : तुरीच्या शेंगा सोलणे, कापसातून सरकी वेगळी करणे, कणकेचे गोळे करणे. (तीनच्या आतील भावंड जवळ असेल तर बिया व चिंचोके उचलून ठेवावेत, ते नाकात जातात आणि रात्री आपणास डॉक्टर शोधावा लागतो.)

शेवटचे, म्हणजे पाच ते सहाचे वर्ष सर्वांत मोलाचे, आणि हेच बहुधा ‘वाया गेले’ म्हणून पाहिले जाते. या वर्षी शाळेच्या वेळेनुसार झोपणे-उठणे, स्वतः जेवणे, बटणे लावणे, शौचानंतरची स्वच्छता, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे शिकवावे. रोज एक गोष्ट मराठीतून सांगावी आणि ती त्याच्याकडून ऐकावी. ज्याला आपल्या भाषेत घटना क्रमाने सांगता येते, त्याला पुढे तेलुगू वा इंग्रजी वाक्यही लवकर उमगते. ते वर्ष दूरदर्शन संचासमोर किंवा दिवसातून दोन शिकवण्यांत घालविणे, दोन्ही सारखेच अनिष्ट.

प्रवेशापूर्वी दृष्टी, श्रवण, दात, वजन-उंची आणि रक्तातील हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा करण्याची तरतूद आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आणि पाच ते सहा या वयातील त्रिगुणी लसीची दुसरी बूस्टर मात्रा शाळा सुरू होण्यापूर्वीच द्यावी. दीड वर्षाची मात्रा झाली की लसीकरणाचे कार्ड ट्रंकेत जाते, म्हणून ही मात्रा पुष्कळदा राहून जाते.