आंतरजालाच्या महामार्गावरील नामफलक

पत्र योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी केवळ गावाचे नाव पुरेसे नसते, हा अनुभव आपल्या डाकसेवेला फार पूर्वीच आला होता. एकाच नावाची गावे अनेक जिल्ह्यांत आढळतात. जोडगावांतील भेद दाखविण्यासाठी बुद्रुक आणि खुर्द असे शब्द जोडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्यातच पत्ता लिहिणाऱ्यांच्या भाषा निरनिराळ्या, अक्षर दुर्बोध. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषक आणि संस्कृतचे कवी होते. तरीही पिन कोड आला म्हणून गावाचे नाव पत्त्यातून गेले नाही. टपालाची वर्गवारी अंकांवरून होते. परंतु पत्र चुकले तर शोध घेणारा माणूस नावाचाच आधार घेतो.

नेमकी हीच गोष्ट आज आंतरजालाच्या, म्हणजे इंटरनेटच्या बाबतीत घडत आहे. दाखले, सातबाराचे उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळांची माहिती असे कितीतरी व्यवहार या जालावरून होतात. जाल बंद पडले की कार्यालयाचे काम थांबते. अशा वेळी दोष नेमका कोठे आहे आणि तो कोणी दुरुस्त करावयाचा, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर पुष्कळदा एका लहानशा गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे वाटेवरील यंत्रांना आणि त्यांना जोडणाऱ्या तारांना दिलेली नावे.

यंत्राला क्रमांक, माणसाला नाव

आंतरजाल हे एका मालकीचे जाल नाही. निरनिराळ्या कंपन्यांची व संस्थांची हजारो जाले एकमेकांना जोडून ते बनले आहे. त्यांपैकी देशोदेशींच्या शहरांना आणि समुद्राखालील तारांना जोडणारी जी मोठी जाले, त्यांना आंतरजालाचा कणा म्हणतात. या जालांच्या चौकाचौकांत बसविलेले आणि माहितीचे तुकडे पुढच्या मार्गाला लावणारे यंत्र म्हणजे राउटर होय.

राउटरला नावाची गरज नसते. त्याचे सर्व काम क्रमांकी पत्त्यावर चालते. राउटरला जितक्या तारा जोडलेल्या असतील, तितके त्याचे पत्ते असतात. कारण पत्ता यंत्राला नव्हे, तर त्याच्या प्रत्येक जोडणीला दिलेला असतो. या पत्त्यांना माणसांना कळतील अशी नावे देण्याची व्यवस्था प्रारंभी अगदी साधी होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली सर्व संगणकांची एकच यादी ठेवली जाई. यंत्रे वाढली तशी ती यादी अपुरी पडू लागली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची श्रेणीबद्ध नामव्यवस्था मांडली. तिलाच डीएनएस म्हणतात. नावावरून पत्ता शोधणे हे तिचे मुख्य काम. त्याचबरोबर पत्त्यावरून नाव शोधण्याची उलट सोयही तिच्यात आहे. राउटरांच्या बाबतीत ही उलट सोयच महत्त्वाची ठरते.

येथे एक नियम ध्यानात ठेवला पाहिजे. पत्त्यांचा गट ज्या कंपनीच्या नावे असेल, तिलाच त्या पत्त्यांची नावे लिहिण्याचा अधिकार असतो. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, याला तेथे महत्त्व नाही. पुढे सांगितलेल्या घोटाळ्याचे मूळ या नियमात आहे.

वाट शोधण्याची युक्ती

वाटेवरील राउटरांची नावे पाहण्याचे साधन ट्रेसरूट या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी १९८७ च्या सुमारास ते तयार केले. प्रत्येक माहिती-तुकड्यावर एक अंक लिहिलेला असतो. वाटेवरील प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. अंक शून्यावर आला की राउटर तो तुकडा टाकून देतो आणि पाठविणाऱ्याला तसे कळवितो. ट्रेसरूट प्रथम १ हा अंक घालून तुकडा पाठविते, मग २, मग ३. त्यामुळे पहिला, दुसरा, तिसरा असे राउटर ओळीने उत्तर देतात आणि आपला पत्ता उघड करतात. पत्त्यावरून नाव काढले की प्रवासाची सारी वाट, मुक्कामांच्या नावांसह, डोळ्यांसमोर येते.

नाव कसे वाचावे

ही नावे उजवीकडून डावीकडे, म्हणजे मोठ्या घटकाकडून लहान घटकाकडे वाचावयाची असतात. टाटा कम्युनिकेशन्सच्या जालातील नावे ‘आयएफ-एई-२-२.टीकोअर१.एमएलव्ही-मुंबई.एएस६४५३.नेट’ अशा धर्तीची आढळतात. यातील ‘एएस६४५३’ हा संपूर्ण जालाचा क्रमांक होय. ‘एमएलव्ही-मुंबई’ हे शहर आणि त्यातील केंद्राची खूण. ‘टीकोअर१’ म्हणजे गाभ्यातील पहिला राउटर. डावीकडचा भाग जोडणीचा आहे. ‘एई’ ही अक्षरे अनेक तारा एकत्र बांधून केलेली जोडणी दर्शवितात. जालाची मालकी, शहर, यंत्राचे काम आणि तार अशा चार गोष्टी एका ओळीत कळतात.

६४५३ या क्रमांकाची कथाही बोधप्रद आहे. हा क्रमांक मूळचा कॅनडातील टेलिग्लोब या कंपनीचा. २००६ मध्ये ती कंपनी विदेश संचार निगमाकडे आली, आणि २००८ मध्ये निगमाचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले. मालक बदलले, नाव बदलले. पण जालाचा क्रमांक तोच राहिला. स्वीडनमधील तेलिया या कंपनीचा कणा वेगळा होऊन २०२२ मध्ये त्याला अरेलिअन हे नाव मिळाले. त्यांनीही राउटरांच्या नावांसाठी ‘ट्वेल्व्ह९९’ हा शब्द घेतला. कारण त्यांच्या जालाचा क्रमांक १२९९ आहे. याउलट अमेरिकेतील यूयूनेट कंपनीचे ‘आल्टर.नेट’ हे नाव मालकी व्हेरायझनकडे गेल्यानंतरही राउटरांवर दिसत राहिले. नवख्या माणसाला त्यावरून आजच्या मालकाचा बोध होत नाही.

स्थळ सांगण्याच्या पद्धती अनेक आहेत. पुष्कळ कंपन्या विमानतळांचे तीन अक्षरी संकेत वापरतात. ते सुटसुटीत आहेत, परंतु त्यांना स्वतःचा इतिहास आहे. मुंबईचे नाव १९९५ मध्ये बदलले, पण विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ हाच राहिला. शिकागोचा ‘ओआरडी’ हा संकेत तेथील जुन्या ऑर्चर्ड फील्ड या नावावरून आला. गोव्यात दाबोळीचा ‘जीओआय’ आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपाचा ‘जीओएक्स’ असे दोन संकेत आहेत. अमेरिकेतील काही कंपन्या जुन्या बेल दूरध्वनी व्यवस्थेचे अकरा अक्षरी संकेत वापरतात. त्यांत पहिली चार अक्षरे गावाची, पुढील दोन राज्याची आणि त्यापुढील दोन इमारतीची असतात. ही पद्धत नेमकी आहे. मात्र परक्या देशातील अभियंत्याला ती दुर्बोध वाटते. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी चालेल. ती सर्वत्र एकसारखी वापरली पाहिजे.

बांधावरची तार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत शासकीय अनुदानावर चालणारा एनएसएफनेट हा कणा ३० एप्रिल १९९५ रोजी बंद झाला आणि त्याची जागा अनेक व्यापारी कंपन्यांनी घेतली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले. तेव्हापासून कोणताही संदेश एका मालकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातच असतो. या हद्दीवर दोन राउटरांना जोडणारी तार असते. तिची दोन टोके दोन मालकांची.

दोन शेतांच्या मधल्या बांधावरील झाडासारखी या तारेची स्थिती असते. तिच्या दोन टोकांना दोन पत्ते लागतात, आणि ते एकाच गटातील असावे लागतात. पूर्वी यासाठी चार पत्त्यांचा गट खर्ची पडे. २००० साली दोनच पत्त्यांचा गट वापरण्याची पद्धत ठरली. हा गट दोघांपैकी एक कंपनी देते. समजा, गट पहिल्या कंपनीने दिला. मग दुसऱ्या कंपनीच्या राउटरवरील टोकाचा पत्ताही पहिलीच्याच वहीत राहतो, आणि त्याचे नावही पहिलीच लिहिते. ट्रेसरूटला राउटर सामान्यतः ज्या जोडणीतून तुकडा आत आला, तिचा पत्ता कळवितो. त्यामुळे हद्द ओलांडल्यावर भेटणारा दुसऱ्या कंपनीचा पहिला राउटर पहिल्या कंपनीच्या नावाने उभा राहतो.

याचा परिणाम सहज लक्षात येईल. बिघाड दुसऱ्या कंपनीच्या राउटरमध्ये असतो. तक्रार मात्र पहिलीकडे जाते. ती आपली यंत्रे तपासून सर्व ठीक असल्याचे कळविते. कागद इकडून तिकडे फिरत राहतो आणि सेवा बंदच राहते.

यावर उपाय साधा आहे. पत्ते देणाऱ्या कंपनीने शेजाऱ्याच्या टोकाला नाव देताना त्यात शेजाऱ्याचे नाव स्पष्ट लिहावे, जोडणीचे शहर लिहावे आणि शक्य तर तारेचा नोंदणी क्रमांकही घालावा. अनेक चांगल्या कंपन्या अशा टोकांसाठी वेगळा उपविभागच ठेवतात. त्यामुळे येथे आपली हद्द संपली, हे वाचणाऱ्यास तत्काळ कळते. अनेक जाले एकाच ठिकाणी एकत्र येतात अशा विनिमय केंद्रांत पत्ते केंद्राचे असतात. आपल्या देशात निक्सी या संस्थेने २००३ पासून अशी केंद्रे चालविली आहेत. तेथे तर प्रत्येक पत्त्यासमोर सदस्याचे नाव असणे अत्यावश्यक ठरते.

फेरफार न झालेली नोंद

नाव नसणे ही उणीव आहे. पण जुने नाव कायम राहणे ही त्याहून मोठी आपत्ती होय. सातबारावर आजोबांचे नाव तसेच राहिले आणि वारसनोंद झाली नाही, तर पुढे किती अडचणी उद्भवतात, हे तलाठी आणि सरपंच चांगले जाणतात. राउटरांचेही तसेच आहे. एका शहरातील पत्ता दुसऱ्या शहरातील यंत्राला दिला जातो, पण नाव बदलावयाचे राहून जाते. यंत्र तक्रार करीत नाही, कारण त्याचे काम क्रमांकावर चालते. चुकीचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये राउटरांच्या नावांच्या आधारे १० कंपन्यांच्या जालांचे नकाशे तयार केले. नावांतून किती माहिती मिळू शकते, हे त्यामुळे दिसून आले. पुढे २००६ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, एका मोठ्या जालात चुकीच्या नावांची संख्या थोडी होती. तथापि तेवढ्या थोड्या नावांमुळे नकाशावर अस्तित्वात नसलेल्या कितीतरी जोडण्या उमटल्या.

नावाची सत्यता तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत येण्यास त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. मुंबई ते लंडन हे सरळ अंतरच ७,००० किलोमीटरहून अधिक आहे. तेव्हा मुंबईतून विचारणा केली असता लंडनचे नाव धारण करणारा राउटर ५ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर तो लंडनमध्ये असणे शक्य नाही. नाव खोटे ठरू शकते; अंतर लपत नाही. उलट उत्तराला उशीर लागला म्हणून मात्र दोष सिद्ध होत नाही, कारण असे उत्तर देणे हे राउटरचे दुय्यम काम असते.

नावात किती सांगावे, याचाही विचार हवा. यंत्राचा नमुना किंवा त्यातील आज्ञावलीची आवृत्ती नावात घालणे म्हणजे घरफोड्याला कुलपाचा प्रकार सांगण्यासारखे आहे. काही कंपन्या भीतीपोटी कोणतेच नाव देत नाहीत. स्थळ, काम आणि शेजारी एवढे सांगून बाकीचे आपल्या नोंदवहीत ठेवणे, हा मध्यममार्ग योग्य होय.

आपल्यासाठी बोध

कण्यावरील राउटरांना नावे देणे हे ग्रामपंचायतीचे काम नाही, हे खरे. परंतु भारतनेट योजनेतून काचतंतू गावोगावी पोहोचत आहे, आणि पंचायत कार्यालय, शाळा व आरोग्य केंद्र यांच्या भिंतीवर त्याची पेटी बसत आहे. ती पेटी, तिला आलेली तार आणि तारेचे दुसरे टोक यांची नावे आपल्या दप्तरी आहेत काय, हे प्रत्येक कार्यालयाने पाहावे. पुढील गोष्टी विनाखर्च करता येतील.

१. प्रत्येक पेटीवर गाव, कार्यालय व अनुक्रमांक दर्शविणारी चिठ्ठी असावी. सर्व गावांत लिहिण्याचा क्रम एकच असावा.

२. तार कोठून आली, दुसरे टोक कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहे व तक्रार कोणाकडे करावयाची, याची नोंद एकाच वहीत असावी.

३. यंत्र हलविले वा बदलले की त्याच दिवशी नोंद बदलावी. जुनी चिठ्ठी काढून टाकल्याखेरीज काम पूर्ण समजू नये.

४. तक्रार देताना ‘इंटरनेट बंद आहे’ एवढेच न लिहिता, कोणत्या टोकापर्यंत चालू आहे व कोठून बंद आहे, हे लिहावे.

ही शिस्त यंत्रासाठी नाही. रात्री-अपरात्री दूरच्या शहरात बसून आपला बिघाड शोधणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती आहे. त्याने आपले गाव पाहिलेले नसते; आपण लिहिलेले नाव एवढाच त्याचा आधार असतो. रस्त्यावरील मैलाचा दगड जसा वाटसरूसाठी असतो, तसेच जालावरील नाव हे शेजाऱ्यासाठी असते. ते नेमके लिहिणे आणि खरे ठेवणे हा आपल्या सार्वजनिक कर्तव्याचाच एक भाग होय.