घरी बांधलेलं विमान उडवता येईल?

प्रश्न : मी वेल्डिंगचं काम करतो. मोटारसायकलचं इंजिन लावून दोन आसनी विमान बनवायचा विचार आहे. शेतातून उडवता येईल का?
– एक वाचक, रेणापूर

उत्तर : बांधता येईल, पण परवानगीशिवाय उडवणं हा गुन्हा आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) नोंदणी २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. यादव स्वतः वैमानिक, तरी कागदपत्रांना वर्षं गेली.

मोटारसायकलचं इंजिन क्षणभर जोर लावतं. विमानात त्याला तासभरही जवळपास पाऊण ताकदीवर चालावं लागतं. तापून बंद पडलं, तर कडेला थांबायची सोय नाही. म्हणून विमानासाठीच बनवलेलं इंजिन घ्या. वेल्डिंगचा हात कामी येईल, पण प्रत्येक जोड विमान अभियंत्याकडून तपासून घ्या. वजनाचा मध्य ठरल्या जागेच्या मागे सरकला, तर विमान सावरत नाही.

आधी रिमोटवरचं मॉडेल बनवा, उडवायला शिका, आराखडा घेऊन डीजीसीएला विचारा. लोखंड त्यानंतर कापा.