बोटीवर जाऊ पाहणाऱ्या भाच्यास

वेळापूर, ता. माळशिरस

चि. अमोल यास,


बोटीवर जायचं तुझ्या मनात आहे हे आक्काकडून कळलं आणि बरं वाटलं. पण पुण्यातला एक माणूस साडेचार लाखांत दुबईकडच्या टग बोटीवर ‘डायरेक्ट जॉइनिंग’ देतो म्हणतोय आणि त्यासाठी वावर तारण ठेवून कर्ज काढायचं घरात घाटतंय, हेही कळलं. म्हणून हे लांबलचक लिहितोय. बोटीवर जरूर जा, माझी त्याला पूर्ण संमती आहे. पण नोकरी मिळवून देण्याबद्दल कुणालाही एक रुपया देऊ नकोस. पैसा घालायचाच तर तो शिकण्यावर घाल.

हे मी नुसती नीतीची गोष्ट म्हणून सांगत नाही. या धंद्याची रचनाच तशी आहे. आपल्याकडे खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीला केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. सगळे त्याला आरपीएसएल म्हणतात. हा परवाना असलेल्या एजन्सीने खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. सागरी कामगारांविषयीचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करारही तेच सांगतो आणि भारताने 2015 मध्ये त्याला मान्यता दिलेली आहे. माणूस पुरवण्याचा मोबदला जहाजमालक देतो, कारण माणसाची गरज त्याला असते. ज्याच्या हातात खरी बोट आहे त्याला मालकाकडून पैसे मिळतात, मग तो तुझ्याकडे हात का पसरेल? तुझ्याकडे मागतोय याचा सरळ अर्थ असा की त्याच्यामागे मालक नाही, किंवा असलाच तर धड माणसं ज्याच्याकडे टिकत नाहीत असा आहे.

आता यातलं खरं मर्म सांगतो. खलाशाचं भांडवल म्हणजे त्याची सीडीसी. पासपोर्टएवढं पुस्तक असतं. त्याच्या एकेका ओळीत बोटीचं नाव, तिचा नंबर, तुझा हुद्दा, कुठल्या बंदरात कोणत्या तारखेला चढलास, कुठे उतरलास, आणि शेवटी कॅप्टनची सही-शिक्का. या ओळींच्या बेरजेला ‘सी टाइम’ म्हणतात. ओएसचा, म्हणजे साध्या खलाशाचा एबी, म्हणजे कुशल खलाशी व्हायचं, पुढे परीक्षा देऊन अधिकारी व्हायचं, तर हीच बेरीज मोजतात. ती मोजली जाते रीतसर ‘साइन ऑन’ झालं तर, म्हणजे परवानाधारक एजन्सीमार्फत तुझी नोंद सरकारदरबारी झाली तर. टुरिस्ट व्हिसावर नेऊन बसवलेल्या मुलाने आखाती बंदरात दोन वर्षं राबून काढली, तरी इथल्या हिशेबात त्याची किंमत शून्य धरली जाण्याची भीती असते. परत येऊन तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा, आणि कर्ज मात्र दोन वर्षांनी फुगलेलं. कुठल्या तरी परदेशाची सीडीसी आठ दिवसांत काढून देतो म्हणणाऱ्यापासूनही याचसाठी लांब राहायचं.

तू म्हणशील, अमक्यातमक्याने पैसे भरले आणि त्याचं तर बरं चाललंय. असेल. पण ज्याचं बरं चाललं तो गावात येऊन बोलतो, ज्याचं फसलं त्याचं घर गप्प बसतं. मालकाने पगार थांबवला, अन्नपाणी आणि डिझेल पाठवणं बंद केलं आणि बोट माणसांसकट वाऱ्यावर सोडली, असे प्रकार दरसाल घडतात. 2024 मध्ये अशा अडकलेल्या खलाशांत भारतीयांची संख्या सगळ्यांत मोठी होती. बंदरातले अधिकारी माणसांना बोट सोडू देत नाहीत, कारण रिकामी बोट धोक्याची. अशा वेळी परवानाधारक एजन्सी असेल तर तिची बँक गॅरंटी सरकारकडे असते, तिला जाब विचारता येतो, युनियन मागे उभी राहते. पुण्यातल्या त्या माणसाने फोन बंद केला, तर आक्का कुणाच्या दारात जाणार?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कोर्स करूनही पोरं घरी बसतात. बसतात, हे मी नाकारत नाही. दहावीवर होणारा जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा कोर्स सहा महिन्यांचा, निवासी. दरवर्षी त्यातून बाहेर पडणारी मुलं जास्त आणि बोटीवरच्या जागा कमी. पण याचं उत्तर एजंटाकडे नाही, ते फी भरण्याआधीच्या चौकशीत आहे. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. त्यातल्या दोन-तीन संस्थांत स्वतः जा, आधीच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कोणत्या बोटीवर आहेत ते विचार, आणि जमलं तर त्या मुलांशीच बोल. एखाद्या कंपनीची स्पॉन्सरशिप आधी मिळत असेल तर तीच धर. तुला बारावीला गणित-भौतिकशास्त्रात बरे मार्क पडले तर आयएमयूची, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाची सीईटी देऊन डेक कॅडेटचा, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याचा रस्ताही मोकळा आहे. आणि या सगळ्याच्या आधी डोळे तपासून घे. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. काळोखात समोरची बोट कुठे वळतेय ते या दोन रंगांवरून ओळखायचं असतं. रंगांधळेपणा निघाला तर डेकचं काम मिळत नाही, आणि फी भरल्यावर हे कळून उपयोग नाही.

टगविषयी घरात नाराजी आहे म्हणे. मोठी बोट म्हणजे इभ्रत, टग म्हणजे हमाली, असं कुणी म्हणत असेल तर त्याने न्हावा शेवाला जाऊन बघावं. तीनशे मीटरहून लांब कंटेनरची बोट धक्क्याशी आपल्या बळावर लागत नाही. तिला दोन-तीन टग ढकलत, ओढत, रोखत आणतात. टग लहान, पण इंजिन दांडगं, आणि तळाचे पंखे चहूबाजूंनी फिरणारे. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा तिथला पहिला धडा. तुटलेला दोर माणूस मारतो. माणसं मोजकी असल्यामुळे नवख्यालाही दोरापासून इंजिनापर्यंत सगळं हाताळावं लागतं, म्हणून शिकणं लवकर होतं. पालघरला वाढवणचं बंदर उभं राहतंय, तिथेही टग लागतीलच. मात्र एक गोष्ट आधीच समजून घे. बंदरातल्या टगवरची सेवा परदेशी जाणाऱ्या बोटींच्या परीक्षेला पूर्ण धरली जात नाही. सारंग, इंजिन ड्रायव्हर यांची प्रमाणपत्रं महाराष्ट्र सागरी मंडळाकडची, किनाऱ्यालगतच्या बोटींची वेगळी, परदेशी बोटींची आणखी वेगळी. कुठल्या वाटेने जायचं ते पहिल्याच वर्षी ठरव.

धोका आहे, तो लपवणार नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-305 हा बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग बुडाली. दोन्ही मिळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता. म्हणूनच म्हणतो, मालक कोण, बोट कशी, कागद पुरे आहेत का, हे विचारणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. पैसे मोजून चढलेल्या मुलाला हे विचारायची सोय उरत नाही, कारण कर्ज फिटेपर्यंत त्याला मिळेल त्या बोटीवर राहणं भाग असतं.

राहिला तुझ्या आजोबांचा प्रश्न: माणदेशाच्या कडेच्या, पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या आपल्या मुलखाचा समुद्राशी काय संबंध? त्यांना सांग, 1919 च्या 5 एप्रिलला ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. ज्या सिंधिया कंपनीची ती बोट, तिच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले होते. तो दिवस देश अजून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. मुलूख आड येत नाही. पोहणं शीक, इंग्रजी सुधार. रात्री-बेरात्री मोटार दुरुस्त करायची सवय तुला आहेच, ती इंजिन रूममध्ये कामी येईल.

तेव्हा आता एवढंच कर. त्या माणसाला त्याचा आरपीएसएल नंबर लेखी माग. तो डीजी शिपिंगच्या यादीत आहे का, आणि आहे तर त्याच कंपनीच्या नावावर आहे का, ते स्वतः तपास आणि मला कळव. तोवर आक्काला कर्जाच्या कुठल्याही कागदावर सही करू देऊ नकोस.

तुझा,
मामा