रेक्टिफाइड टाईल्सचा सांधा किती ठेवायचा आणि त्याला खर्च किती?

औशात घर बांधणारे बहुतेक जण फरशी पाहायला लातूरला जातात. तिथल्या दुकानांतला बराचसा माल गुजरातेतल्या मोरबीचा असतो. दुकानदार सांगतो, ‘रेक्टिफाइड आहे, सांधा दिसणारच नाही.’ मिस्त्रीही मान डोलावतो, कारण टाईलला टाईल भिडवली की काम भराभर उरकते. घरमालकाने नेमके इथेच ‘नाही’ म्हणावे.

रेक्टिफाइड टाईलच्या कडा भट्टीतून निघाल्यावर यंत्रावर घासून सरळ करतात. त्यामुळे मापातला फरक कमी होतो, पण पूर्ण जात नाही. शिवाय या कडा धारदार असतात, त्यामुळे दोन कडा एकमेकींना टेकल्या की दाबाने टवके उडतात. नवा स्लॅब सुकताना आकसतो, टाईल मात्र आकसत नाही. उलट तापमान २० अंशांनी वाढले, तर ५ मीटर लांबीची ओळ अर्धा ते पाऊण मिलिमीटर वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वाढायला जागा नसली की एखाद्या दुपारी मोठा आवाज होतो आणि दोन टाईल्स मधोमध उचलल्या जातात. भूकंप पाहिलेल्या किल्लारीच्या तालुक्यात घरात असा आवाज झाला तर कोणाचाही जीव दचकेल.

घराच्या आत, सरळ रांगेत बसवायच्या टाईल्सना २ मिलिमीटर सांधा ठेवा, हे माझे स्पष्ट मत आहे. दीडच्या खाली सांधा भरायचा मसाला, म्हणजे ग्राउट, आत उतरत नाही, वरच पापुद्रा धरतो आणि पुसता पुसता निघून जातो. दोन बाय चार फुटांची टाईल विटांच्या बांधणीसारखी सरकवून लावायची असेल तर ३ मिलिमीटर ठेवा आणि सरक एक तृतीयांशपेक्षा जास्त नको. लांब टाईलला मध्यावर किंचित बाक असतो. अर्ध्यावर सरकवली की कड वर राहते आणि पायाला लागते.

मापाची खात्री घरीच होते. वेगवेगळ्या बॉक्समधल्या आठ-दहा टाईल्स उभ्या एकत्र धरा आणि कडेवरून बोट फिरवा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान टाईलमध्ये जो फरक सापडेल, त्याच्या किमान तिप्पट सांधा हवा. अमेरिकेतले टाईल बसवण्याचे मानकही हेच सांगते. फरक अर्धा मिलिमीटर असेल तर दीड मिलिमीटर हवाच, म्हणून टाईल्सच्या मध्ये ठेवायचा स्पेसर २ चा योग्य. बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्या.

आता पैशांचे. १,००० चौरस फुटांना दोन बाय दोनच्या २५० टाईल्स लागतात आणि सांध्याची लांबीही साधारण १,००० फूट भरते. टाईलची जाडी ९ मिलिमीटर असेल तर २ मिलिमीटर सांध्याला नासाडी धरून सुमारे १० किलो ग्राउट लागते, ३ मिलिमीटरला १५ किलो. हिशेबापुरता सिमेंट ग्राउटचा भाव किलोला ६० रुपये धरू, म्हणजे खर्च ६०० किंवा ९०० रुपये. इपॉक्सी ग्राउट ४०० रुपये किलो धरले तर ४,००० किंवा ६,००० रुपये होतात, मजुरी वेगळी. दुकानातला भाव वेगळा निघाला तर फक्त किलोच्या आकड्याने गुणा. स्पेसरची चार-पाच पाकिटे ३०० रुपयांच्या आसपास येतील. ते काढून पुन्हा वापरता येतात. टाईल्स एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिप लावायच्या झाल्या तर टाईलमागे ४ क्लिप आणि नगाला २-३ रुपये या हिशेबाने २,००० ते ३,००० रुपये वाढतात. दोन बाय चारला हा खर्च मी करेन, दोन बाय दोनला चांगला मिस्त्री असेल तर गरज नाही.

याच्यासमोर दुरुस्ती ठेवून पाहा. १०० चौरस फूट फरशी उठली, चौरस फुटाला टाईल ५०, चिकटवायचे केमिकल २५ आणि तोडफोडीसह मजुरी ४५ रुपये धरली तरी १२,००० रुपये होतात. त्यातही जुना शेड मिळेलच असे नाही. म्हणून दोन-तीन बॉक्स जादा घेऊन ठेवा.

इपॉक्सी सगळीकडे नको. बाथरूम, ओटा आणि धुण्याची जागा इथेच त्याचा पैसा वसूल होतो. बोअरच्या जड पाण्याने साधा सांधा तिथे लवकर खराब होतो. हॉलमध्ये राखी रंगाचे सिमेंट ग्राउट पुरते. पांढरे सिमेंट मात्र नको. काळ्या मातीच्या गावात ते फार काळ पांढरे राहत नाही.

गच्ची आणि व्हरांड्यात ३ ते ५ मिलिमीटर सांधा ठेवा आणि दर ८ ते १२ फुटांवर सीलंटने भरलेला लवचिक सांधा सोडा. घरात असा सांधा २० ते २५ फुटांवर लागतो. भिंतीलगत ६-८ मिलिमीटर फट सोडली तर ती स्कर्टिंगखाली झाकून जाते. तळमजल्याच्या जोत्यात काळी माती भरली असेल तर कोणताही सांधा फरशी वाचवणार नाही. तिथे मुरूमच हवा आणि तोही थर देऊन, पाणी मारून, धुमसून.

ठेका ठरवताना सांध्याची रुंदी, ग्राउटचा प्रकार आणि स्पेसर कोणी आणायचे, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या आणि पहिली ओळ बसताना स्वतः हजर राहा.